संकासुराचे श्रेयांक

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ राज्यात पहिलं येतं, ही आता बातमी राहिलेली नाही. मंडळ स्थापन झाल्यापासून तेच पहिलं येतं आहे, आणि वर्तमानपत्रांनी मागच्या वर्षीचा मथळा नुसती टक्केवारी बदलून छापला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. खरी बातमी घडते ती निकालानंतरच्या पंधरवड्यात, आणि ती कुठेच छापून येत नाही. राज्यात पहिली आलेली ही मुलं पुढे काय शिकणार, हे तीन माणसं ठरवतात: मुंबईचे काका, शेजारचे निवृत्त गुरुजी आणि ज्याच्या मुलाला नुकतीच नोकरी लागली आहे असा कुणीही. तिघांचा प्रश्न एकच असतो, ‘त्याला स्कोप काय?’ हा स्कोप नेमका कुठे मिळतो हे कुणालाच माहीत नसतं. रत्नागिरीत मिळत नाही एवढं मात्र सर्वांना पक्कं माहीत असतं. अशा घरात एखाद्या मुलीने सांगितलं, की कला, बालविकास आणि समाज हे विषय एकत्र करून माझी पदवी मीच आखणार आहे, तर आधी तिला पाणी देतील आणि मग तिची दृष्ट काढतील. माझं म्हणणं एवढंच, की दृष्ट काढायच्या ऐवजी तिच्या हातात अर्ज द्यावा. तिची मागणी विचित्र नाही, परदेशी नाही, आणि रत्नागिरी जिल्ह्याइतकी त्या पदवीची तयारी झालेला दुसरा जिल्हा शोधायला वेळ लागेल.

तसं पाहिलं तर असा अर्ज करायला आता आडकाठी असू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधल्या भिंती पाडायच्या असं जाहीर केलं, आणि २०२४-२५ पासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत ते लागूही झालं. सत्राला २२ श्रेयांक, तीन वर्षांचे १३२. त्यात एक मुख्य विषय, एक दुय्यम विषय, आणि त्यानंतर ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, ओजेटी, एफपी, सीईपी. प्राचार्यांनी पहिल्या दिवशी ही नावं नुसती वाचून दाखवली तरी एक तासिका भरते. भिंती पाडल्या हे खरं, पण त्यांचे चिरे तिथेच रचून ठेवले आहेत आणि त्यांतून वाट काढायचं काम विद्यार्थ्याकडे आहे. धोरणाचा सूर असा, की हवा तो विषय हव्या त्या विषयाबरोबर घ्या. प्रत्यक्षात हे स्वातंत्र्य एसटी स्टँडावरच्या फलकासारखं आहे: फलकावर सगळ्या गावांची नावं असतात, फलाटाला गाडी एकच लागलेली असते, आणि चौकशीच्या खिडकीत विचारलं तर ‘तीच जाते’ असं उत्तर मिळतं. मुख्य विषय इतिहास घेतला तर दुय्यम कोणता? ज्याचे सर त्या तासाला मोकळे असतील तो. शिक्षणशास्त्रात या तत्त्वाला काय म्हणतात कोण जाणे; वेळापत्रक करणारे सर त्याला ‘बसतंय’ म्हणतात.

आता या मुलीचे विषय कुठे शिकवतात ते पाहू. नमन-खेळे, जाखडी, दशावतार या कोकणातल्या लोककलांचा रीतसर अभ्यास करायचा तर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, ती कालिन्याला. बालविकास हा गृहविज्ञानाच्या पोटात मानव विकास या नावाने सापडतो. त्यासाठी एसएनडीटीचं जुहूचं आवार गाठावं. समाजशास्त्र तेवढं जिल्ह्यात मिळतं, कारण त्याला प्रयोगशाळा लागत नाही. म्हणजे नमन संगमेश्वर-लांज्यात, मूल संगमेश्वर-लांज्यात, समाजही तिथलाच, आणि त्यांच्याविषयीचं ज्ञान मुंबईच्या पश्चिम उपनगरांत. माणसं पोटासाठी मुंबईला गेली हे समजू शकतं. विषयसुद्धा चाकरमानी झाले आणि गणपती-शिमग्यापुरते गावी येऊ लागले, हे जरा जास्त झालं. बारावीला कला शाखेत ‘बालविकास’ हा विषय घेता येतो. त्यात उत्तम गुण मिळवलेल्या मुलीने पुढे त्याचं काय करायचं, याचं उत्तर बहुतेक वेळा कोकण रेल्वेच्या वेळापत्रकात शोधावं लागतं.

मूल, कला आणि समाज ही तीन वेगवेगळी प्रकरणं आहेत हा समज महाविद्यालयातच तयार होतो. शिमग्यात तो टिकत नाही. गुहागर-चिपळूण-दापोलीकडे खेळ्यांबरोबर संकासुर येतो. काळा पोशाख, डोक्यावर निमुळती टोपी, लांब दाढी, कमरेला घुंगरं. त्याच्यासमोर एकाच वाडीतली मुलं पाहावीत. तीन वर्षांचं मूल आईच्या मागे दडून भोकाड पसरतं. सहा वर्षांचं पळतं, वळून पाहतं, आणि संकासुर मागे आलाच नाही तर त्याचा विरस होतो. नऊ वर्षांचा मुलगा ‘हा वरच्या वाडीतला आपला अमका’ असं सगळ्यांना सांगत सुटतो. चौदा वर्षांचा, पुढच्या खेपेला तो पोशाख आपल्याला मिळावा म्हणून म्होरक्याच्या मागे लागलेला असतो. जाँ पियाजेने स्वतःच्या तीन मुलांचं निरीक्षण करता करता बालविकासाच्या चार अवस्था मांडल्या. जग त्याला मानतं, आणि मानावंच. पण त्याला जिनिव्हात संकासुर मिळाला नाही, ही त्याच्या सामग्रीतली उणीव म्हणावी लागेल. आता त्याच अंगणात थोडं मागे सरकून उभं राहा. पालखी आधी कुणाच्या दारी जाणार, मान कुठल्या घराचा, मुंबईकरांनी वर्गणी जास्त दिली म्हणून त्यांचं किती ऐकायचं, राधा कुठल्या मुलाने व्हायचं आणि त्याच्या आईला ते चालणार का, यांवर जी चर्चा चालते ती समाजशास्त्राच्या वर्गात इतक्या मोठ्या आवाजात क्वचितच होत असेल.

या सगळ्याला श्रेयांक किती द्यायचे, हा हिशेबही करून टाकू. प्रात्यक्षिकाच्या ३० तासांना एक श्रेयांक असा साधारण नियम. नमन रात्री दहाला उभं राहिलं आणि उजाडेपर्यंत चाललं तर आठ तास धरायला हरकत नाही. चार नमनांचा एक श्रेयांक, म्हणजे १३२ श्रेयांकांना ५२८ रात्री. साठीला टेकलेला एखादा मृदंगवाला हा अभ्यासक्रम केव्हाच पुरा करून बसलेला असेल. त्याच्या श्रेयांक बँकेच्या खात्यावर ते जमा नाहीत, इतकंच. सरकारला हे अगदीच नामंजूर आहे असंही नाही. दहावीच्या परीक्षेत लोककलेतल्या सहभागाबद्दल वाढीव गुण मिळतात. म्हणजे सोळाव्या वर्षापर्यंत नमन हे शिक्षण असतं, आणि सतराव्या वर्षी तेच नमन ‘अभ्यास सोडून कुठे भटकतोस’ या सदरात जातं.

हे तीन विषय वेगवेगळ्या हातांत पडले की काय होतं, याचा पुरावा डिसेंबर-जानेवारीत कुठल्याही शाळेच्या स्नेहसंमेलनात फुकट मिळतो. बालवाडीतल्या मुलांना भाज्यांचे पोशाख घालून साडेचारलाच आणून बसवलेलं असतं. कार्यक्रम सहाचा, दीपप्रज्वलन सातला, कारण पाहुणे यायचे असतात, आणि ते आले की समई वाऱ्याने विझते. प्रास्ताविक, अहवालवाचन, मनोगत, मग ज्यांचं मनोगत राहिलं त्यांनी केलेलं आभारप्रदर्शन, इथवर येईतो वांगं झोपलेलं असतं आणि भोपळ्याला शू लागलेली असते. मग गाणं लागतं. ते सिनेमातलं असतं, आणि ज्या वयात मुलाला एका पायावर धड उभं राहता येत नाही त्या वयात बाईंनी त्याला कंबर लचकवायला शिकवलेलं असतं. चिकाटीला दाद द्यावी लागेल. पहिल्या रांगेतले पालक मोबाइलमधून नाच पाहतात, दुसऱ्या रांगेतले पहिल्या रांगेतल्यांचे मोबाइल पाहतात. मोठ्या गटाचं बालनाट्य असतं. त्यात एक झाड असतं. ते अर्धा तास हात पसरून उभं राहतं आणि शेवटी ‘मला तोडू नका’ म्हणतं. दाढी चिकटवलेले आजोबा असतात. त्यांच्या तोंडी संस्कृतीविषयी सव्वा पान मजकूर असतो, आणि तो अकरा वर्षांच्या आजोबांना समजलेला नाही हे शेवटच्या रांगेपर्यंत कळतं. यात कुणाची वाईट बुद्धी नसते. ज्यांना नाटक कळतं त्यांना मूल कळलेलं नसतं, ज्यांना मूल कळतं त्यांना नाटक कुणी शिकवलेलं नसतं, आणि ज्यांना समाज कळतो ते अध्यक्षस्थानी बसलेले असतात.

आणि हे घडतं कुठे, तर राज्य नाट्य स्पर्धा आली की अर्धं शहर तालमीला आणि उरलेलं अर्धं परीक्षकांच्या चुका काढायला बसतं त्या रत्नागिरीत. मोठ्यांसाठी एवढा जागता रंगमंच, आणि मुलांच्या वाट्याला ‘मला तोडू नका’. सुधा करमरकरांनी अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास केला आणि १९५९ मध्ये मुंबईत लिटल थिएटर सुरू केलं. रत्नाकर मतकरींनी बँकेतली नोकरी सांभाळून १९६२ मध्ये ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मध्ये दिलीप प्रभावळकर चेटकीण व्हायचे, आणि मुलं घाबरूनही खूश असायची. मुलाला किती घाबरवलं म्हणजे ते रडत घरी न जाता पुन्हा येतं, हा प्रश्न एकट्या नाट्यशास्त्राचा नाही, एकट्या मानसशास्त्राचाही नाही. गुहागरच्या संकासुराला त्याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या येतं. त्याला ते कुणी अजून विचारलेलं नाही.

दुसरा पुरावा रोज सकाळी गावागावांत कुलूप काढून उघडतो. राज्यात लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. सेविका नेमताना बारावी पासची अट असते. तिने काय करायचं? मुलांची वजनं-उंची घ्यायची, गाणी म्हणायची, रद्दीतून बाहुल्या करायच्या, आहार वाटायचा, गरोदर सुनेला विश्रांती हवी हे तिच्या सासूला पटवायचं, आणि हे सगळं मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरवर भरायचं. रेंज नसेल तर रेंज असेल त्या टेकाडावर चढून भरायचं. म्हणजे कला, बालविकास आणि समाज ही संयुक्त पदवी आपल्याकडे आहेच. ती शिकवली जात नाही, थेट राबवून घेतली जाते. रत्नागिरीत तर या कामाला आणखी एक पेच असतो. आंब्याच्या बागांतून राखणीला नेपाळी कुटुंबं राहतात आणि त्यांची मुलं इथल्याच शाळा-अंगणवाड्यांत येतात. चार वर्षांचं मूल घरी नेपाळी ऐकतं, अंगणवाडीत मराठी आणि मोबाइलवर हिंदी. त्याला पहिलं बडबडगीत कुठल्या भाषेतलं शिकवायचं, आणि मे महिन्यानंतर बागेतलं काम संपल्यावर ते पुन्हा येणार की नाही हे धरून शिकवायचं का? हा प्रश्न घेऊन मराठी विभागात गेलात तर समाजशास्त्राकडे पाठवतील, समाजशास्त्रातून मानसशास्त्राकडे, आणि मानसशास्त्रातले सर सुट्टीवर असतील.

अंगणवाडीची कल्पना ज्यांच्या कामातून वाढली त्या ताराबाई मोडक १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठातून पदवीधर झाल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाची पद्धत घडवली, १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी काम उभारलं. मुलं गुरांमागे रानात जातात म्हणून शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. मुलांच्या गैरहजेरीवर एक सुबक अहवालही लिहिता आला असता. त्याला एकच विषय पुरला असता.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला, ही खिचडी आहे. तीन विषय थोडे थोडे आणि एकही धड नाही. असं म्हणणाऱ्यांना दापोलीला पाठवावं. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या कृषी विद्यापीठात पदवीचा विद्यार्थी माती शिकतो, कीड शिकतो, रोग, फळबाग, अर्थशास्त्र, आणि शेतकऱ्याशी बोलावं कसं हे सांगणारं विस्तार शिक्षणही शिकतो. त्याला कुणी खिचडी म्हणत नाही, कारण मधोमध हापूसचं झाड उभं आहे. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात माशाचं शरीर, जाळं, प्रक्रिया आणि बाजार हे सगळं एका पदवीत येतं, कारण मधोमध मासा आहे. झाडाभोवती आणि माशाभोवती पाच-सहा शास्त्रं गोळा झालेली चालतात. पोराभोवती तीन गोळा करा म्हटलं की लगेच सखोलतेची काळजी वाटू लागते. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांचा संकर करून ‘रत्ना’ काढला, रत्नाचा हापूसशी पुन्हा संकर करून ‘सिंधू’. त्यात कोय नावापुरती. कोकणातल्या बागायतदारांनी त्यांची कलमं पैसे मोजून नेली. आंब्यात केला तर संकर म्हणजे संशोधन, आणि पदवीत केला तर भेसळ, हा न्याय कुठला? एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. तीन विषय शेजारी ठेवले म्हणून पदवी होत नाही; मधे झाड लागतं. ‘मला मुलं आवडतात आणि चित्रकलाही आवडते’ हे झाड नव्हे. ‘बागेतल्या नेपाळी मुलाला अंगणवाडीत बोलतं कसं करायचं’ हे झाड आहे.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे: मोठी माणसं असल्या पदवीवाचूनच मोठी झाली. खरं आहे. पालगडचे पांडुरंग सदाशिव साने तत्त्वज्ञानाचे एम.ए. अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाल्यावर त्यांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ चालवलं, आणि १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. मुलाशी कसं बोलावं हा पेपर त्या एम.ए.ला नव्हता. मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वय कमी दिसतं म्हणून परीक्षेला बसू दिलं गेलं नाही. पुढे ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. १९१६ मध्ये त्याच गणिताच्या प्राध्यापकाने, जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून, मराठीतून शिकवणारं आणि घर, आरोग्य यांना अभ्यासक्रमात जागा देणारं विद्यापीठ काढलं, तेच आजचं एसएनडीटी. विद्यार्थिनी पाच. पदवीचं नाव ‘गृहीतागमा’. ते ऐकून त्या वेळच्या मुंबईच्या काकांना काय वाटलं असेल ते वाटो. सरकारची वैधानिक मान्यता या विद्यापीठाला १९५१ मध्ये मिळाली, म्हणजे ३५ वर्षं ते मान्यतेवाचून पदव्या देत होतं आणि बायका त्या घेत होत्या. तेव्हा मोठी माणसं अशा पदवीवाचून मोठी झाली हे खरं. पण आपले विषय आपणच जमवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, आणि एकाला लिहिण्यापुरती सवड मिळायला तुरुंग लागला. दर पिढीत एकटा दापोली तालुका एक कर्वे आणि एक साने गुरुजी पुरवील, या भरवशावर उच्च शिक्षण चालवता येत नाही.

तिसरा आक्षेप, ही अमेरिकेतली चैन. चैन असेल, पण ती तिथेही सुखासुखी मिळत नाही. ब्राउन विद्यापीठाने १९६९ मध्ये विद्यार्थ्याला अभ्यासक्रम स्वतः आखायची मोकळीक दिली. तशी सोय आता तिथे अनेक ठिकाणी आहे. इंडियाना विद्यापीठात विल शॉर्ट्झ नावाच्या मुलाने तिचा फायदा घेऊन १९७४ मध्ये चक्क कोड्यांच्या शास्त्रात पदवी मिळवली. त्याने वर्गात बसून शब्दकोडी सोडवली असं कुणी समजू नये. १८६० पूर्वीच्या अमेरिकेतल्या शब्दकोड्यांच्या इतिहासावर त्याला प्रबंध लिहावा लागला. पुढे त्याने कायद्याची पदवीही घेतली आणि वकिली केली नाही, याचं रत्नागिरीत कुणालाच नवल वाटायचं नाही. १९९३ पासून तो न्यूयॉर्क टाइम्सच्या शब्दकोड्यांचा संपादक आहे. अशा पदवीसाठी विद्यार्थ्याला आधी लेखी सांगावं लागतं, की माझा प्रश्न काय, कोणते विषय लागतील, ते याच क्रमाने का, आणि असलेल्या एकाही विभागात माझं काम का भागत नाही. मग एक प्राध्यापक जामीन शोधावा लागतो आणि समितीसमोर उभं राहावं लागतं. आपल्याकडे तयार अभ्यासक्रम घेणाऱ्या मुलाला ‘हाच विषय का घेतलास?’ असं तीन वर्षांत कुणी विचारत नाही. विचारलं तर तो गोंधळेल, आणि विचारणारे सरही. त्यामुळे मुलं सोपं ते निवडतील ही भीती तयार पदवीच्या बाबतीत आधी बाळगावी. सोप्या गाइडची पंधरावी आवृत्ती तिच्यासाठी निघते. स्वतः आखलेल्या विषयाला गाइड नसतं.

समजा, संगमेश्वर तालुक्यातल्या त्या मुलीने खरोखरच मसुदा लिहिला. फार लांब जावं लागणार नाही. एकट्या देवरुखात कला महाविद्यालय आहे, लक्ष्मीबाई पितरे कलासंग्रहालय आहे, आणि मावशी हळब्यांनी १९५४ मध्ये सुरू केलेलं मातृमंदिर आहे, जिथे अनाथ मुलींचं ‘गोकुळ’ही आहे. सावर्ड्याला शिल्प-चित्रकलेचं महाविद्यालय आहे. पहिल्या वर्षी तिने मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि मराठी बालसाहित्य घ्यावं. दुसऱ्या वर्षी चित्रकला किंवा नाट्य यांपैकी एक अंगाला लागेपर्यंत शिकावं. दोन्हीतलं थोडं थोडं नको, नाहीतर खिचडीवाले खूश होतील. तिसऱ्या वर्षी ओजेटी, एफपी, सीईपी, म्हणजे कामावरचं प्रशिक्षण, क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग, या तिन्ही आद्याक्षरांना एकाच अंगणवाडीत नेऊन बसवावं आणि शेवटी एका वाडीतल्या मुलांवर प्रबंध लिहावा. सध्या समाजसहभागाचे दोन श्रेयांक कसे मिळतात? समुद्रकिनारा झाडायचा, फलकासह फोटो काढायचा, आणि फोटो काढताना खाल्लेल्या वडापावचे कागद दुसऱ्या कॉलेजच्या दोन श्रेयांकांसाठी तिथेच ठेवायचे. तिच्या अंगणवाडीने यापेक्षा वाईट व्हायचं म्हटलं तरी कठीण आहे.

एक आक्षेप मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. हे करणार कोण? कित्येक महाविद्यालयांत निम्म्या विभागांचा गाडा तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतो. त्यांना शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात; एका मुलीचा मसुदा चार वेळा वाचून परत करण्याचे मिळत नाहीत. अशा सरांवर आणखी एक जबाबदारी टाकणं म्हणजे त्यांच्या सौजन्याची परीक्षा घेणं, आणि तिचा निकाल नेहमीच चांगला लागेल असं नाही. म्हणून ही सोय सगळ्यांसाठी नकोच. वर्षाला चार-पाच विद्यार्थी, त्यांच्या मार्गदर्शनाचे तास पगारात धरलेले, आणि समितीत बाहेरचं एक माणूस. ते माणूस निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका असेल तर उत्तम. तिच्यापुढे मोघम बोलून कुणी सुटत नाही.

राहता राहिला स्कोप. तो खरं तर आक्षेप नव्हेच, आजार आहे. तरी उत्तर द्यायचं तर, नव्या धोरणाने तीन ते सहा वर्षांची मुलं औपचारिक शिक्षणाच्या पायरीवर घेतली आहेत, म्हणजे त्यांना शिकवणाऱ्यांना शिकवणारी माणसं लागणार. गल्लोगल्ली निघालेल्या प्लेग्रुपांमधून तीन वर्षांच्या मुलाला गृहपाठ देणं बंद करायलाही माणसं लागणार, ती जरा जास्तच. आणि ‘मुलींना बरं आहे हो हे’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील होते, आणि गुजरातने त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणजे मिशीवाली आई म्हटलं. कोकणात वकिलांचा तुटवडा नाही. मिशांचाही नाही.

जिल्ह्यातल्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना विनंती एवढीच, की पुढच्या प्रवेशाच्या वेळी माहितीपत्रकात एक ओळ वाढवा: ‘स्वतःचा मुख्य विषय आखू इच्छिणाऱ्यांनी कार्यालयात भेटावं.’ आणि भेटायला आलेल्याला ‘बसतंय का बघतो’ म्हणून परत पाठवू नका. पहिल्या वर्षी एकच अर्ज आला तरी घ्या. कर्व्यांकडे पाच होत्या.